त्रिपोलीच्या तहातील अकरावे कलम

अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली काय, या वादात त्रिपोलीच्या तहाचे अकरावे कलम हटकून पुढे केले जाते. संयुक्त संस्थानांचे शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर अधिष्ठित नाही, असे ते सांगते. अरबी संहितेत हे कलम आढळत नाही, हा प्रतिपक्षाचा आक्षेप खरा, पण गैरलागू होय. १७९७ साली सेनेटने एकमताने संमती दिली ती इंग्रजी पाठाला. तथापि त्यावरून सिद्ध होते ते संघशासनापुरतेच. घटक राज्यांची गोष्ट निराळी. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी करआकारणीची तरतूद १८३३ पर्यंत टिकली. आणि १७९१ची पहिली घटनादुरुस्ती त्या काळी केवळ काँग्रेसलाच बंधनकारक असल्याने तिचा त्यास प्रत्यवाय नव्हता.