इंग्रजी लेखनाचे संदर्भग्रंथ आणि कर्मणीची कसोटी

भारतीय भाषांमधील साहित्याचा तौलनिक अभ्यास विद्यापीठीय पातळीवर बहुतांशी इंग्रजीतून मांडला जातो. या व्यवहारात इंग्रजी केवळ लेखनाचे माध्यम राहत नाही. मराठी आणि बंगाली, किंवा मराठी आणि तेलुगू, यांच्या शैलींची तुलना ज्या परिभाषेत होते ती परिभाषाही पुष्कळदा इंग्रजी व्याकरणातून आलेली असते. साहजिकच इंग्रजी लेखन आणि व्याकरण यांविषयीच्या संदर्भग्रंथांची निवड ही निर्दोष वाक्य लिहिण्यापुरती बाब उरत नाही. तरीही ती सहसा विचारपूर्वक होत नाही. शाळेत जे पुस्तक हाती आले, किंवा मार्गदर्शकाच्या कपाटात जे होते, तेच प्रबंध संपेपर्यंत सोबत करते.

समजा, एखाद्या मराठी कादंबरीतील निवेदन तपासताना अभ्यासकाला 'त्याने खिडकी उघडली', 'तिने चिठ्ठी वाचली' अशी वाक्ये पानोपानी आढळली. मराठी व्याकरणानुसार हा कर्मणी प्रयोग. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण शालेय पाठांतराने पक्के झालेले असेल, तर या निवेदनात पॅसिव्ह रचनांचे प्राबल्य असून त्यातून पात्रांचे कर्तृत्व झाकोळले जाते, असे विधान प्रबंधात सहज उतरते. शेजारी बंगाली कादंबरी ठेवली की तिथे तशा रचना दिसत नाहीत, आणि दोन समाजांच्या मानसिकतेतील भेदावर एक अख्खे प्रकरण उभे राहते. वस्तुतः सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात, मोजके अपवाद वगळता, कर्त्याला 'ने' लागणे हा मराठीचा नियम आहे. ती लेखकाने केलेली निवड नव्हे. हिंदीत असा नियम आहे, बंगालीत नाही. मराठीतील प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते यावर ठरतो. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने पोळी खाल्ली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, पण राम कुठेही मागे सरत नाही. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र कर्म उद्देश्याच्या जागी येते आणि कर्ता 'बाय' लावून शेवटी जातो किंवा अजिबात गळतो. म्हणून 'रामाने आंबा खाल्ला' याचे इंग्रजी 'राम एट द मँगो' असेच होते, आणि ते निखळ अ‍ॅक्टिव्ह आहे.

संदर्भग्रंथाची पारख करण्यास हा एक विषय पुरेसा ठरावा. ग्रंथात पॅसिव्हची नोंद काढावी आणि तिची व्याख्या वाक्यरचनेवर आधारलेली आहे की अर्थाच्या अंदाजावर, हे पाहावे.

भारतात या परीक्षेला प्रथम बसते ते 'रेन अँड मार्टिन'. हिंदुस्थानातील शिक्षणखात्यात नोकरी केलेला आणि पुढे 'ब्यू जेस्ट' (१९२४) या कादंबरीमुळे गाजलेला पी. सी. रेन हा त्याचा एक कर्ता, एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेली आवृत्ती अनेक पिढ्यांनी वापरली. पॅसिव्ह केव्हा योजावा याविषयी त्यात एक-दोन वाक्ये आहेत, पण विद्यार्थ्याच्या स्मरणात राहतात ती रूपांतराची उदाहरणे : हे वाक्य फिरवा, ते वाक्य फिरवा. दोन्ही वाक्ये जणू एकाच मोलाची आहेत, हा संस्कार त्यातून उरतो. शालेय पुस्तक म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रबंधाच्या पातळीवर त्याचा आधार घेणे मात्र चुकीचे आहे.

'दि एलिमेंट्स ऑफ स्टाइल'ची गोष्ट निराळी. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी छापलेली ही पुस्तिका १९५९ मध्ये ई. बी. व्हाइट यांनी वाढवली आणि ती अमेरिकेत जवळपास धर्मग्रंथ झाली. पॅसिव्ह कधी सोयीचा तर कधी आवश्यकही असतो, ही कबुली तीत आहे. पण जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये, पुस्तकाच्या पन्नाशीच्या निमित्ताने, दाखवून दिले की टाळावयाच्या रचनांची जी चार उदाहरणे तेथे आहेत त्यांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच. 'देअर वेअर'ने सुरू होणारे वाक्यही त्यांत मोडते. म्हणजे ज्या रचनेवर आक्षेप घ्यायचा तीच ओळखता आलेली नाही. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या प्रसिद्ध निबंधात पॅसिव्हवर असाच कटाक्ष टाकला होता. त्याच निबंधात पॅसिव्हचे प्रमाण नियतकालिकांतील सर्वसाधारण गद्यापेक्षा अधिक भरते, हे १९८९ च्या मेरियम-वेब्स्टरच्या प्रयोगकोशाने निदर्शनास आणले. प्रत्येक वादाचा इतिहास आणि प्रत्यक्ष लेखनातील पुरावे देणारा हा कोश अभ्यासकाच्या टेबलावर असावा असा आहे. भारतात तो हवा तितका वापरला जात नाही.

एच. डब्ल्यू. फाउलर यांच्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज'बाबत आवृत्तीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. १९२६ चा मूळ ग्रंथ, अर्नेस्ट गावर्स यांनी हलक्या हाताने सुधारलेला १९६५ चा आणि रॉबर्ट बर्चफील्ड यांनी बव्हंशी नव्याने लिहिलेला १९९६ चा, यांना 'फाउलर' या एकाच नावाने उद्धृत करणे म्हणजे ग्रंथच न सांगणे होय. मूळ फाउलर आज नियमांसाठी नव्हे, तर एका काळातील सुसंस्कृत इंग्रजी कानाची साक्ष म्हणून वाचावा. त्यातील दुहेरी पॅसिव्हवरची नोंद भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावी. 'सॉट टू बी' लावून केलेल्या रचना फाउलर यांना खुपत होत्या. भारतीय न्यायालयांच्या निकालपत्रांत मात्र 'सॉट टू बी चॅलेंज्ड' हा प्रयोग आजही सर्रास आढळतो आणि तेथे तो कोणालाही खटकत नाही. फाउलर प्रमाण मानायचा तर हे इंग्रजी अशुद्ध ठरते. व्यवहार प्रमाण मानायचा तर ती भारतीय इंग्रजीची एक प्रयुक्ती ठरते. भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला हा निर्णय टाळता येणार नाही.

तुलनेसाठी खरा आधार मिळतो तो वर्णनात्मक व्याकरणांत. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांचे १९८५ चे बृहद्व्याकरण पॅसिव्हला एक खूण न मानता एक श्रेणी मानते : काही रचना पूर्णांशाने पॅसिव्ह, काही अंशतः, काही नुसत्या रूपाने. मराठीतील प्रयोगांकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडते. बायबर आणि सहकाऱ्यांचे १९९९ चे लाँगमन व्याकरण सुमारे ४ कोटी शब्दांच्या भाषासंग्रहावर उभे असून संभाषण, कथात्म साहित्य, वृत्तलेखन आणि शास्त्रीय गद्य यांतील प्रमाणे वेगवेगळी देते. शास्त्रीय गद्यात सुमारे एक चतुर्थांश क्रियापदे पॅसिव्ह आणि संभाषणात जेमतेम २ टक्के, हे एकदा पाहिले की 'पॅसिव्ह टाळा' हा सरसकट उपदेश किती पोकळ आहे ते कळते. हडलस्टन आणि पुलम यांचे २००२ चे केंब्रिज व्याकरण त्याहून पुढे जाते. 'बाय'सह येणारा कर्ता संवादात उद्देश्यापेक्षा अधिक परिचित असू नये, असे ते सांगते. म्हणजे पॅसिव्हची निवड लेखकाच्या वृत्तीपेक्षा वाचकाला आधी काय ठाऊक आहे यावर अवलंबून असते. भाषांतराच्या चिकित्सेत हे विधान सोन्यासारखे आहे. मात्र सुमारे १,८०० पानांचा हा ग्रंथ सलग वाचण्याचा नाही आणि त्याची परिभाषा पारंपरिक व्याकरणाला सरावलेल्यास अडखळवते. तेवढा धीर नसेल तर मायकेल स्वॉन यांचे 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' (१९८०, चौथी आवृत्ती २०१६) स्वतःच्या लेखनासाठी पुरे, तुलनेसाठी नव्हे. एमएलएची पुस्तिका मुख्यतः संदर्भ देण्याच्या पद्धतीसाठी आहे, तिच्याकडून व्याकरणाची अपेक्षा ठेवू नये.

या गोंधळाला मराठीचा स्वतःचा इतिहासही कारण आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या आराखड्याची छाया होती, आणि तो आराखडा स्वतः लॅटिनकडून उसना आलेला होता. पुढे 'रावण रामाकडून मारला गेला' अशा वाक्यांना वैयाकरणांनी 'नवीन कर्मणी' हे वेगळे नाव दिले, ते इंग्रजी पॅसिव्हशी असलेले त्यांचे साम्य पाहूनच. इंग्रजी पॅसिव्हचा मराठी प्रतिरूप शोधायचा तर तो 'रामाने'मध्ये नाही, या 'कडून' आणि 'गेला'मध्ये आहे. कादंबरीत मोजायची असतील तर ही वाक्ये मोजावीत. मूळ मराठी कादंबरीत ती किती आहेत आणि इंग्रजीवरून भाषांतरित झालेल्या कादंबरीत किती, ही मोजणी करून पाहण्याजोगी आहे.