पुडक्यावरची चिठ्ठी

वाण्याने बांधून दिलेल्या पुडीवर काही लिहिलेले नसते. आत हळद आहे की बेसन, हे घरी येऊन उघडल्यावरच कळते. औषधाच्या पाकिटावर मात्र नाव, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख असे सगळे छापलेले असते, कारण तिथे चूक परवडत नाही. आपण शिक्षक मंडळी एकमेकांना संगणकावरचे जे साहित्य देतो, ते या दोहोंपैकी कोणत्या जातीचे असते? पेन ड्राइव्ह उघडून पाहिला तर ‘चाचणी नवीन’, ‘चाचणी नवीन २’ आणि ‘चाचणी अंतिम’ अशा तीन फायली शेजारी शेजारी दिसतात. त्यांतली शेवटची कोणती? ती कोणी केली? तिच्यात चूक सापडली तर कोणाला कळवायचे? दुरुस्त करून पुढे द्यायची मुभा आहे का? पुडीवर चिठ्ठीच नाही, त्यामुळे उत्तरही नाही.

हाच प्रश्न लिनक्सच्या जगात १९९०च्या दशकात उभा राहिला आणि त्याला जे उत्तर मिळाले त्याचे नाव ‘पॅकेज’. या लेखात त्या पद्धतीचे परीक्षण करायचे आहे, पण संगणकतज्ज्ञाच्या नव्हे, शिक्षकाच्या गरजेच्या मापाने.

पॅकेज म्हणजे काय?

लिनस टोरवाल्डस याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पण नुसत्या गाभ्याने काम होत नाही. त्याभोवती शेकडो आज्ञावली लागतात आणि त्या वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी लिहिलेल्या असतात. त्या एकमेकींशी जुळायच्या कशा? १९९३ साली इयान मर्डॉक याने ‘डेबियन’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यातून ‘डेब’ हा पॅकेजचा नमुना आला. त्याच सुमारास रेड हॅट कंपनीने ‘आरपीएम’ हा दुसरा नमुना आणला. तपशील वेगळे असले तरी दोन्हींची कल्पना एकच आहे.

एक उदाहरण घेऊ. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. समजा, पनवेलच्या एखाद्या शिक्षिकेने हा हिशेब करणारी दहा ओळींची आज्ञावली पायथॉन भाषेत लिहिली. तिचे पॅकेज करायचे म्हणजे काय करायचे?

एक फोल्डर करायचा. आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर ज्या जागी बसायला हवी, तशीच फोल्डरांची उतरंड त्यात मांडून तिथे ती ठेवायची. शेजारी ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाईल लिहायची. तिच्यात पॅकेजचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, कोणत्या जातीच्या संगणकावर चालते, सांभाळणाऱ्याचे नाव-पत्ता, चालण्यासाठी आणखी काय लागते आणि थोडक्यात वर्णन, एवढ्या ओळी असतात. मग एक आज्ञा दिली की सगळे मिळून एक फाईल तयार होते. ती उलगडून पाहिली तर आत तीनच वस्तू सापडतात: नमुन्याचा क्रमांक, चिठ्ठी आणि माल. यापलीकडे गूढ असे काही नाही.

आता या चिठ्ठीतली शास्त्रीय शिस्त पाहा. पाऊणपटीचा हिशेब ही १.० आवृत्ती. वर्गात एका मुलाने विचारले, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, मग अमावास्येपर्यंतचे गणित बारा-बारा तासांत कसे बसते? प्रश्न अगदी रास्त आहे. चांद्रमासात तिथी तीस, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ एकूण चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे, ४५ नव्हेत. पाऊण तास ही तोंडी हिशेबासाठी केलेली सोय आहे. आज्ञावलीत ४५ च्या जागी ४८ घातले, १.१ आवृत्ती केली आणि बदलांच्या नोंदीत कारण लिहिले. पुढे कोणी सांगेल की खाडीच्या आत भरती समुद्रापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेव्हा १.२ निघेल. ज्ञान कसे सुधारत जाते, याची नोंदवहीच तयार झाली.

जाता जाता गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत. १.९ नंतरची आवृत्ती १.१० असते. ही दशांश संख्या नव्हे. टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्र पूर्णांक म्हणून ताडले जातात. मुलांना हे विचारून पाहावे.

मराठीचा अनुभव

चिठ्ठीतली सर्वांत मोलाची ओळ कोणती? माझ्या मते, ‘चालण्यासाठी आणखी काय लागते’ ही. तिला अवलंबित्वाची ओळ म्हणू. ती नसली तर काय होते, हे मराठीइतके कोणी सोसलेले नसेल. डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतरचना वेगळी होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी समोर येई. ती फाईल त्या विशिष्ट फॉन्टवर अवलंबून होती, पण तसे तिच्यावर कुठे लिहिलेले नव्हते. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. कित्येक शाळांच्या जुन्या सीडींवर असा मजकूर आजही अडकून पडलेला आहे.

युनिकोडमुळे संकेत एक झाले, पण मुक्तपणे वाटता येईल असा फॉन्ट तरीही हवाच होता. इंडिक्ट्रान्स या मुंबईतल्या चमूने ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची फॉन्टमालिका मुक्त केली. तिचे मूळ फॉन्ट मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीचे, म्हणजे ज्यांच्या ‘श्रीलिपी’वर मराठी छपाईचा मोठा व्यवहार चालत आला, त्यांचेच. २०११ साली लोहितचा परवाना आणखी सोयीचा करण्यात आला. गार्गी आणि लोहित या दोन्हींची पॅकेजे झाली आणि भांडारात गेली. त्यामुळे जगात कोठेही बसून एका आज्ञेत मराठी अक्षरे उमटवता येऊ लागली. फॉन्ट तयार होणे हे अर्धे काम. तो पॅकेज होऊन भांडारात जाणे, हे उरलेले अर्धे.

आवृत्तीचेही तसेच आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते अक्षर असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे चौकोन दिसणार. पॅकेजची पद्धत असल्यामुळे फॉन्टची सुधारित आवृत्ती नेहमीच्या अद्ययावतीकरणाबरोबर आपोआप पोचते. पेन ड्राइव्हवरून दिलेल्या फॉन्टचे तसे होत नाही. तो दिला त्या दिवशी जसा होता, तसाच राहतो.

इथेच पहिली तक्रार नोंदवतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. लोहितमध्ये आधी मराठीसाठी वेगळा फॉन्ट होता. पुढे एकाच ‘लोहित देवनागरी’त दोन्ही वळणे ठेवून मजकुराच्या भाषेनुसार योग्य ते निवडण्याची सोय झाली. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तमच. पण मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदलेली नसेल तर हिंदी वळण उमटते आणि शिक्षकाला वाटते, फॉन्टच चुकीचा आहे. ज्या गोष्टीवर आपले अक्षर अवलंबून आहे, ती वापरणाऱ्याला दिसेल अशा भाषेत चिठ्ठीवर यायला हवी. वर्णनाच्या दोन मराठी ओळींनी हे काम भागले असते.

पद्धत कुठे तोकडी पडते?

दुसरी तक्रार मार्गदर्शिकांविषयी. डेबियनची नव्या सांभाळणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आणि तिच्या जागी आलेली ओसामू आओकी यांची नवी मार्गदर्शिका, दोन्ही मन लावून लिहिलेल्या आहेत. पण त्यांचा रोख पॅकेज अधिकृत भांडारात कसे न्यावे, याकडे आहे. तिथे नियम कडक असणे योग्यच, कारण ते पॅकेज लाखो संगणकांवर जाणार असते. मात्र दहा शाळांना भरतीची आज्ञावली द्यायची असेल, तर त्यातला नव्वद टक्के भाग अनावश्यक ठरतो. नवखा वाचक पहिल्या प्रकरणांतच थकतो आणि हे आपले काम नव्हे, असे समजून पुस्तिका मिटतो. वर सांगितलेली फोल्डर आणि एक फाईल यांची सोपी वाट आधी, आणि अधिकृत वाट नंतर, असा क्रम शिक्षकांसाठी हवा. शिवाय तो मराठीत हवा. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात लिनक्स वापरण्याचे पाठ मराठी निवेदनात मिळतात. पण वापरणे आणि बनवणे यांत अंतर असते.

तिसरी गोष्ट नावाची. डेबियन पॅकेजचे नाव छोटी रोमन अक्षरे, आकडे आणि अधिक, उणे, टिंब ही चिन्हे यांतच असावे लागते. वर्णन देवनागरीत चालते, नाव चालत नाही. यामागे तांत्रिक सोय आहे, हे मान्य. पण चौथीच्या मुलाला ‘भरती’ शोधायची असेल तर त्याला आधी रोमन लिपी यावी लागते, हेही खरे.

चौथी गोष्ट नव्या प्रकारच्या पॅकेजांची. ‘अ‍ॅपइमेज’सारख्या पद्धतीत लागणारे बहुतेक सगळे सामान एकाच फाईलमध्ये कोंबलेले असते. शिदोरी बरोबर घेऊनच प्रवासाला निघावे तसे. कोणत्याही लिनक्सवर चालते, ही सोय मोठी. पण प्रत्येकाने आपली शिदोरी वेगळी बांधली, की एका घटकातला दोष दुरुस्त झाल्यावरही जुना घटक अनेक पुडक्यांत तसाच राहतो. फाईलही जड होते. जिथे इंटरनेट अधूनमधूनच येते, त्या शाळेला हे अडचणीचे. २००७ साली आमच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत मुलांच्या लॅपटॉपचा प्रयोग झाला. त्यातल्या ‘शुगर’ प्रणालीत प्रत्येक कृती ही माल आणि छोटी चिठ्ठी यांची एक दाबून बांधलेली फाईल असे. तिथे सगळे लॅपटॉप एकसारखे होते, म्हणून शिदोरीचा वाद निघाला नाही. आपल्या शाळांत मात्र कोणतेही दोन संगणक सारखे नसतात.

विश्वासाचा प्रश्न

पॅकेज बसवताना संगणकाची सर्व सत्ता त्याच्या हाती जाते. म्हणून ‘कोणाकडून आले?’ हा प्रश्न महत्त्वाचा. भांडाराच्या यादीवर सांभाळणारा आपली अंकीय सही करतो आणि आपला संगणक ती ताडून पाहतो. वाटेत कोणी फेरफार केला तर सही जुळत नाही. पण सहीमुळे फक्त माणूस ओळखता येतो, त्याची सचोटी कळत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाईल दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. सांभाळणाऱ्यांपैकीच एकाने, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून, ती घातली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आहे, हे खटकले. त्याने माग काढला आणि मोठा अनर्थ टळला. मूळ आज्ञावली खुली होती, म्हणून माग काढता आला. आणि एवढी महत्त्वाची वस्तू जवळजवळ एकाच माणसाच्या फावल्या वेळावर चालली होती, म्हणून ती धोक्यात आली. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्यात. शाळांसाठी भांडार करायचे, तर सांभाळणारे निदान दोघे-तिघे हवेत.

हे शाळांना झेपेल का? केरळने झेपवून दाखवले. तिथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही कंपनी झाली. शिक्षकांच्या सहभागातून, उबुंटूवर आधारलेली, शाळेला लागणारी पॅकेजे घालून तयार केलेली प्रणाली तिथल्या शाळांना दिली जाते. महाराष्ट्रात फॉन्ट तयार करणारे, आज्ञावली लिहिणारे आणि उत्तम शिक्षक असे तिघेही आहेत. त्यांना जोडणारी अशी नियमित व्यवस्था आपण उभी केलेली नाही. एका तालुक्याचे भांडार चालवायला शाळेतला एक जुना संगणकही पुरतो. पॅकेजांचा फोल्डर, त्यांची यादी, त्या यादीवरची सही, आणि बाकीच्या संगणकांना दिलेला त्याचा पत्ता, एवढेच त्याचे सामान.

माझा निष्कर्ष असा. पॅकेजची पद्धत सदोष आहे, इंग्रजीत अडकलेली आहे आणि नवख्याला घाबरवणारी आहे. तरीही ‘हे काय आहे, कशावर उभे आहे, कोणी केले, काय बदलले आणि पुढे देता येईल का’, हे पाच प्रश्न ती चुकवू देत नाही. शोधनिबंधाकडूनही आपण हेच मागतो. तेव्हा लिनक्स पुढच्या वर्षी येवो अथवा न येवो, येत्या सोमवारी सहकाऱ्याला फाईल देताना तिच्याबरोबर या पाच प्रश्नांच्या उत्तरांच्या पाच ओळी मराठीत लिहून द्या. आणि दुसऱ्याकडून फाईल घेताना त्या पाच ओळी मागून घ्या.