‘ओझोनस्नेही’ : एक अपुरे विशेषण

जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील आर-१२ काढून आर-१३४ए भरला की गाडी ‘ओझोनस्नेही’ झाली, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते आणि आपण शिक्षकही वर्गात तेच सांगतो. विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुरेपणाच येथे घातक ठरतो.

आधी त्यातले खरे काय ते पाहू. आर-१२ म्हणजे डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन. त्याचा रेणू इतका स्थिर असतो, की तो न मोडता स्थितांबरापर्यंत पोचतो. तेथे अतिनील किरणांमुळे त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो आणि असा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. मोलिना व रोलंड यांनी हा धोका १९७४ साली दाखवून दिला. १९८७ साली माँट्रिऑल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आर-१३४एच्या रेणूत क्लोरीन नाही. ओझोनपुरते श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु हा स्नेह ओझोनपाशीच संपतो. क्लोरोफ्लुओरोकार्बन हे प्रखर हरितगृह वायू आहेत, हे व्ही. रामनाथन यांनी १९७५ साली दाखवले. आर-१३४एचा एक किलोही, शंभर वर्षांच्या हिशेबाने, सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याचाही वापर घटवायचे ठरले. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली.

‘फक्त गॅस बदलायचा’ ही समजूतही चुकीची आहे. आर-१२ बरोबरचे खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही. तेल बदलले नाही तर कॉम्प्रेसर कोरडा पडतो. ओलावा शोषणारी नळकांडी बदलावी लागते, जोडण्याही वेगळ्या. त्यात आपला उन्हाळा! वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी संघनकात वायू ६० अंशांना द्रवरूप होत असेल, तर आर-१२ चा दाब सुमारे १५ वातावरण असतो, आर-१३४एचा साडेसोळा. जुन्या नळ्यांची परीक्षा तेथेच होते.

आता खरा प्रश्न : काढलेला आर-१२ गेला कोठे? झडप उघडून एक किलो हवेत सोडला, तर सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवणारा भार वातावरणावर पडतो. शिवाय त्यातील क्लोरीन ओझोनपर्यंत पोचतोच. म्हणजे ओझोन वाचवण्यासाठी केलेले काम ओझोनच्याच मुळावर येते. तो वायू यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये साठवला, तरच बदल सार्थ ठरतो.

यापुढे ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द फळ्यावर लिहिला, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत : स्नेह नेमका कशाशी? त्याची किंमत कोठे मोजली जाते? आणि जुने कोठे टाकले?