यांत्रिक पुनरुत्पादन आणि कलाकृतीचे मूल्य : राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना

एका कलाकृतीच्या असंख्य प्रती निघू लागल्यावर मूळ कृतीचे काय होते, हा प्रश्न जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मांडला. विशिष्ट स्थळी आणि काळी असलेल्या अनन्य अस्तित्वामुळे कलाकृतीला तेजोवलय लाभते. यांत्रिक प्रतींमुळे ते क्षीण होते, उपासनामूल्य मागे पडते आणि प्रदर्शनमूल्य वाढते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या चित्रांबाबत मात्र हे प्रतिपादन जसेच्या तसे लागू पडत नाही.

विवेचन

रविवर्मांची पौराणिक तैलचित्रे प्रामुख्याने राजाश्रयाने निर्माण झाली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा चित्रे रंगविली. १८९४ साली मुंबईत त्यांचे मुद्रणालय सुरू झाले. पुढे ते लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आले. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून छापलेल्या या चित्रांना तैलचित्राचा आभास देण्यात येई. लक्ष्मी-सरस्वतीच्या अशा प्रती सामान्यांच्या घरांत पोहोचल्या. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना मंदिरप्रवेश नव्हता; छापील देवतेच्या दर्शनासाठी मात्र कोणाच्याही अनुमतीची गरज नव्हती.

या प्रतींना चौकट मिळाली, हार आणि हळदकुंकू मिळाले. काहींवर जर व टिकल्या चिकटवून देवतेला वस्त्रालंकार चढविले गेले. यंत्राने एकसारखी केलेली प्रत भक्ताच्या हातांनी पुन्हा अनन्य झाली. मूळ चित्र संग्रहालयात पाहण्याची वस्तू ठरले आणि प्रत देवघरात पूजेची. म्हणजेच प्रदर्शनमूल्य मूळ कृतीकडे, तर उपासनामूल्य प्रतीकडे गेले.

तथापि या प्रसाराची किंमतही मोजावी लागली. देवतांची प्रदेशपरत्वे भिन्न असलेली रूपे मागे पडून एकच चेहरा, एकच वेशभूषा लोकमानसात रूढ होऊ लागली. पुढे अशाच प्रतिमा दिनदर्शिका व जाहिरातींवर झळकल्या. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या समीक्षकांनी रविवर्मांच्या कलेवर कठोर टीका केलीच होती; नंतरच्या काळात 'कॅलेंडर चित्रकला' या तुच्छतादर्शक शिक्क्याने त्यांची मूळ चित्रेही झाकोळली. १९७९ साली त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला. आज जुन्या छापील प्रतीही दुर्मीळ वस्तू म्हणून संग्राहक जपतात.

समारोप

पुनरुत्पादनाने कलेचे मूल्य केवळ घटते किंवा केवळ वाढते, असे म्हणता येत नाही. ते स्थानांतरित होते. मूल्य निर्मितीइतकेच वापरातूनही घडते. म्हणून प्रतीला 'नक्कल' म्हणून बाजूला सारणारी समीक्षा तिच्यापुढे हात जोडणाऱ्या माणसालाच कलेच्या इतिहासातून वगळते. त्याच वेळी, एका प्रतिमेच्या सार्वत्रिक प्रसारामुळे कोणती रूपे दिसेनाशी झाली, याची नोंद घेणेही समीक्षेचे कर्तव्य ठरते. संगणकीय प्रतिमांच्या आजच्या काळात या दोन्ही जबाबदाऱ्या अधिकच वाढल्या आहेत.