परतफेडीचे पुस्तक

दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले, की ते रिकामे परत पाठवायचे नाही, ही आपली रीत. तथापि तिकडून पाच अनारसे आले म्हणून इकडूनही मोजून पाचच जात नाहीत. माणसामाणसांतली देवघेव अशीच असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त ती जशी उतरली आहे, तशी आमच्या पुष्कळ कादंबऱ्यांतही उतरलेली नाही.

1934 साली पहिला भाग निघाला, तेव्हापासून बाईंच्या विनोदाचे कौतुक चालू आहे. ते यथार्थच आहे. परंतु त्या कौतुकातून बाई सोशिक होत्या, सोसता सोसता हसत होत्या, असा एक समज रूढ झाला. मला तो मुळीच मान्य नाही.

टिळकांनी 1895 साली मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो पत्नीला न कळवता. पुढे काही वर्षांची ताटातूट. मग बाई नगरला त्यांच्याकडे आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा हात मोकळा; घरात आलेला पैसा कोणाच्या तरी ओंजळीत जायचा. संसार रेटला बाईंनी. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले, त्यांनाही त्यांनी मुलासारखे सांभाळले. हिशेबाने पाहिले तर टिळकांकडे बाईंचे येणे फार मोठे!

उलट बाजूला एकच रक्कम दिसते. शाळा न पाहिलेल्या या बाईला टिळकांनी लिहावाचायला लावले. एवढ्याने 1895 चे येणे फिटले, असे मी म्हणणार नाही. बाईही म्हणत नाहीत. त्यांनी त्याच अक्षरांनी नवऱ्याचे चित्र काढले. त्यात त्याचा संताप आहे, हट्ट आहे, भोळेपणा आहे. झाकलेले काही नाही. पूजाही नाही, सूडही नाही. हे सोसणे नव्हे. हे बरोबरीने दिलेले उत्तर आहे.

टिळक 1919 साली गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय बाईंनी लिहिले. काव्य म्हणून मी ते 'स्मृतिचित्रां'च्या पंक्तीला बसवणार नाही. ओवीपेक्षा बाईंचे गद्यच सरस. पण ज्याने अक्षरे दिली त्याचेच अर्धे राहिलेले काम उचलावे, ही फेड कोणी मागितली होती?

1936 साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा 'स्मृतिचित्रे'ही अपुरीच होती. उरलेला भाग चिरंजीव देवदत्तांनी लिहून पुरा केला.