कोंडाणे येथील शिलालेख आणि लेखनाची प्रेरणा

स्फूर्ती आल्यावाचून लेखन होत नाही, हा समज कर्जत-खालापूर परिसरातील आमच्या नवलेखकांतही रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणे आहे. त्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे: कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा आशय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शिष्य गुरूचा निर्देश करूनच आपले नाव सांगतो. निर्मितीमागे शिक्षण असते, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा उगमही असाच बोलका आहे. महाबोधी सभेच्या नियतकालिकाने लेख मागितला. १९५० च्या त्या लेखात बाबासाहेबांनी अशा ग्रंथाची गरज मांडली. पुढे आजारपणातही ते लिहीत राहिले. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला.

पाली साहित्यात इद्धिपाद चार सांगितले आहेत: छंद, वीरिय, चित्त आणि वीमंसा, म्हणजे इच्छा, प्रयत्न, एकाग्रता आणि परीक्षण. आमचे नवलेखक पहिल्यापाशीच थांबतात. आपल्या लेखनाची गरज कोणाला आहे, हे त्यांनी आधी पाहावे. उरलेले तीन पाद तेथूनच सुरू होतात.