चित्रफीत आवरा, प्रश्न विचारा

हॉटसीटवर माणूस बसला की प्रश्न यायला हवा. हल्ली आधी चित्रफीत येते. गावचा रस्ता, पत्र्याचं घर, डोळ्यांना पदर लावणारी आई आणि मागे व्हायोलिन. हिंदी ‘करोडपती’त हा प्रकार केव्हाच मुरला, मराठीतही तो आता अंगवळणी पडलाय. प्रश्नमंजूषेला रिअ‍ॅलिटी शोची लागण झाली आहे आणि आपण त्यावर टाळ्या पिटतो आहोत.

या दोन प्रकारांचा प्रेक्षक एकच असेल, पण तो बसतो वेगवेगळ्या जागी. 2000 च्या जुलैत अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन आले, तेव्हाची घरं आठवा. पर्याय पडद्यावर उमटायच्या आत आजोबा उत्तर ठोकून देत, दहावीतली नात ते खोडून काढी आणि स्वयंपाकघरातून तिसरंच काहीतरी ऐकू येई. स्पर्धकाने लाइफलाइन घेतली की घरात कुणाची तरी कॉलर ताठ: ‘एवढं येत नाही?’ खेळ स्टुडिओत चाले तितकाच दिवाणखान्यात. ‘बिग बॉस’ बघताना असं कुणी खेळत नाही. तिथे आपण निवाडा करतो. कोण खोटं रडलं, कुणी कुणाच्या पाठीत सुरा खुपसला, शनिवार-रविवारी कुणाची खरडपट्टी निघणार. आधी महेश मांजरेकरांची चावडी होती, 2024 मध्ये रितेश देशमुखांचा ‘भाऊचा धक्का’ आला. चावडी हे नाव मात्र चपखल होतं. गावकीला याहून वेगळं काय हवं असतं?

खरा फरक कळतो तो लबाडी उघडी पडल्यावर. 1950 च्या दशकात अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती. ते बाहेर आलं तेव्हा देश संतापला, प्रकरण संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये 2001 साली अशाच एका प्रश्नमंजूषेत एका लष्करी मेजरने साथीदाराच्या खोकल्याच्या इशाऱ्यांवर दहा लाख पौंड जिंकले; बक्षीस रोखलं गेलं आणि 2003 मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. ‘बिग बॉस’बद्दल मात्र ‘सगळं स्क्रिप्टेड असतं हो’ असं म्हणतच लोक पुढचा भाग लावतात. तिथे फसवलं तर ती स्ट्रॅटेजी.

‘होम मिनिस्टर’ दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. 2004 पासून सूत्रसंचालक आदेश भावोजी घरोघर गेले. फुगे फोडण्याचे खेळ निमित्तापुरते, पण दोन खोल्यांचं घर, दारात दाटलेले शेजारी, नवऱ्यासमोर लाजत उखाणा घेणारी वहिनी हे ‘बिग बॉस’च्या कुठल्याही घरापेक्षा खरं होतं. 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’ करून 11 लाखांची पैठणी पुढे केली आणि त्या साधेपणावर पाणी पडलं. गाण्यांच्या स्पर्धांचं म्हणाल तर ‘लिटिल चॅम्प्स’चं 2008-09 चं पर्व सोडल्यास लक्षात राहावं असं फार नाही. नाच आणि स्वयंपाकाच्या स्पर्धांवर शाई खर्चू नये.

2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एका बाईंनी हिंदी ‘करोडपती’त एक कोटी जिंकले. लोक भारावले, कारण त्यांना उत्तरं येत होती. खिचडी शिजवताशिजवता त्या वाचत राहिल्या होत्या आणि ते वाचन पंधराव्या प्रश्नापर्यंत पुरलं. वाहिन्यांनी यातून धडा घेतला तो भलताच: गरिबी दाखवा, ज्ञान नंतर बघू. आता माणसाची निवड होते ती त्याच्या डोक्यामुळे की कहाणीमुळे, अशी शंका येत राहते. हा त्या स्पर्धकाचाच अपमान आहे. वर्ष-वर्ष अभ्यास करून आलेल्या माणसाला आपण आधी रडवतो आणि मग दहा हजारांचा प्रश्न टाकतो.

‘प्रेक्षकांना हेच हवं असतं’ ही सबब नेहमीची. मग 2000 साली प्रेक्षक वेगळे होते का? ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व सूरज चव्हाणने जिंकलं, त्याच्या भोळेपणावर लोकांनी मतं ओवाळली. त्यात गैर काही नाही, तो कार्यक्रम मतांवरच चालतो. पण सहानुभूती हवी असेल तर तिच्यासाठी ते घर आहेच. हॉटसीट तरी सोडा. स्पर्धकाचं नाव आणि गाव सांगा, चित्रफीत एका मिनिटात गुंडाळा आणि राहिलेल्या वेळात आणखी चार प्रश्न विचारा.